आठ मार्चला कंपनीत बायकांच्या हृदयविकारावर कार्यक्रम ठेवायचा आहे. काय सांगावं, काय टाळावं?

सातपूरकरीण

नाशिकच्या एमआयडीसीत नोकरी. आमच्याकडे इलेक्ट्रिकल स्विचची जोडणी होते. लाइनवर निम्म्याहून जास्त बायका, त्यातल्या बऱ्याचशा ठेकेदाराकडच्या. मी क्वालिटीत आहे आणि "समितीवर एक लेडीज पाहिजे" म्हणून सुरक्षा समितीत माझं नाव घातलेलं आहे. दरवर्षी आठ मार्चला गुलाबाचं फूल, स्टीलचा डबा आणि संगीत खुर्ची असते. यंदा एचआरने सहज विचारलं, काही वेगळं करायचं का. मी म्हटलं, बायकांच्या हृदयविकारावर ठेवू. लगेच उत्तर आलं, "ताई, कॅन्सरचं घ्या ना. हार्टचं जेन्ट्स लोकांना असतं."

त्याला एकट्याला काय बोलणार, आमच्या बायकाही हेच म्हणतात.

विषय सुचायला कारण घडलं. गेल्या वर्षी दुसऱ्या पाळीला पॅकिंगमधल्या एका बाईंची पाठ भरून आली, मळमळायला लागलं, घाम फुटला. वय पंचेचाळीसच्या आसपास. कुणी इनो दिलं, कुणी पाठ चोळली, एकीने "पाळी जायच्या वयात होतं असं" म्हणून धीर दिला. सुपरवायझर भला माणूस. एरवी ज्या गेटपाससाठी हुज्जत घालावी लागते तो त्याने एका मिनिटात सही करून दिला, म्हणाला घरी जाऊन आराम करा. बाई शेअर रिक्षाने एकट्या घरी गेल्या. जाऊन भाकऱ्यासुद्धा टाकल्या. पहाटे दवाखान्यात नेलं. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला, पण हृदयाचा पंप कमजोर झाला तो झालाच. उभं राहायचं काम आता जमत नाही, आणि ठेकेदाराकडे बसायचं काम नसतं.

यात कुणीच वाईट वागलं नाही. सगळे आपापल्या परीने चांगलेच वागले आणि तेवढ्यात सगळी संध्याकाळ आणि रात्र गेली. मला हे थांबवायचं आहे.

कॅन्टीनमध्ये पाऊण तास मिळेल. पीपीटी नको, दिवे बंद झाले की पहिल्या पाळीच्या बायका डुलक्या काढतात, पहाटे चारला उठून डबे करून आलेल्या असतात बिचाऱ्या. काय सांगावं, कोणी सांगावं, सुचवा.

हिरवी_बांगडी

वाचतेय. आमच्या शाळेतही आठ मार्चला 'त्वचेची काळजी' झालं होतं गेल्या वेळी. प्रायोजक कोण ते ओळखा.

ओपीडीवाला

तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

आधी ते "जेन्ट्स लोकांना असतं". जगभरात बायकांच्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार हेच आहे. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२१ मध्ये अहवाल दिला, त्यात २०१९ सालच्या बायकांच्या एकूण मृत्यूंपैकी ३५ टक्के या खात्यात पडले होते. स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर एकत्र धरला तरी त्याच्या जवळपास जात नाही. म्हणून कॅन्सरचं शिबिर घेऊ नका असं नाही, तेही घ्या.

मग समज असा का झाला? कारण पुरुषांना झटका लवकर येतो आणि ऐन उमेदीतला माणूस गेला की गावभर चर्चा होते. पाळी सुरू असेपर्यंत बायकांना इस्ट्रोजेनमुळे थोडंफार संरक्षण असतं. २००४ सालचा ५२ देशांतला 'इंटरहार्ट' अभ्यास आहे, त्यात बायकांना पहिला झटका पुरुषांपेक्षा साधारण ९ वर्षं उशिरा आलेला दिसला. पण त्याच अभ्यासात भारतीय उपखंडातल्या लोकांना तो इतरांपेक्षा काही वर्षं आधीच गाठतो हेही दिसलं. शिवाय मधुमेह असेल तर बाईला निसर्गाने दिलेली ही सवलत जवळजवळ रद्दच होते. साखरेमुळे हृदयाला होणारा धोका बायकांत पुरुषांपेक्षा जास्त वाढतो.

आता लक्षणं. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की "बायकांना छातीत दुखत नाही, त्यांची लक्षणं वेगळीच असतात". असं सांगू नका. बायकांमध्येही सर्वांत जास्त आढळणारं लक्षण छातीचंच आहे. फरक इतकाच की त्याच्या सोबत पाठ, मान, जबडा, खांदा, धाप, मळमळ, घाम, अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटणं यांपैकी दोन-तीन गोष्टी जास्त वेळा असतात आणि पेशंट आधी त्याच सांगते. माझ्या ओपीडीत "छातीत दुखतंय का?" विचारलं की उत्तर "नाही हो". "दाटल्यासारखं, दाबल्यासारखं, जळजळल्यासारखं?" विचारलं की "हां, ते सकाळपासून आहे की". डॉक्टरच चुकीचं विचारत असेल तर लाइन लीडरने काय करावं? म्हणून त्यांना हे तीन-चार शब्द पाठ करून घ्या.

चूक आमच्याकडूनही होते. ब्रिटनमध्ये लीड्स विद्यापीठाने २०१६ मध्ये झटक्याच्या पेशंटांच्या नोंदी तपासल्या. बायकांचं पहिलं निदान चुकण्याची शक्यता पुरुषांपेक्षा ५० टक्के जास्त निघाली. तिकडे ही गत, आपल्याकडे तर "टेन्शन घेता का?" हा प्रश्न बायकांसाठी राखीवच असतो.

अजून एक. थकवा म्हटलं की आपण रक्त कमी असेल म्हणतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, त्यामुळे तो अंदाज बरेचदा बरोबरही निघतो. त्यातच एखादी हृदयाची पेशंट लोहाच्या गोळ्यांवर महिनोन् महिने राहते. दोन जिने चढताना गेल्या महिन्यात न लागणारा दम आता लागत असेल, तर हिमोग्लोबिनसोबत ईसीजीही काढा.

कोतवाल

विषय चांगला आहे, पण एक खडा टाकतो. अशा कार्यक्रमांनंतर पंधरा दिवस प्रत्येक ढेकर हार्ट अटॅक वाटतो. मी शिफ्ट इन्चार्ज होतो, आता निवृत्त. लाइनवर रोज कुणाची ना कुणाची पाठ दुखते. आठ तास उभं राहून पाठ दुखणार नाही तर काय? प्रत्येकीला ईसीजीला पाठवलं तर लाइन बंद करावी लागेल. तुम्ही लोक हे कसं ठरवणार?

ओएचसी_सिस्टर

कोतवाल, प्रश्न रास्त आहे. पण उत्तर सोपं आहे आणि ते मी चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात रोज वापरते.

रोजची पाठदुखी बाईला माहीत असते. कुठे दुखतं, कसं वाकलं की वाढतं, ती बोट ठेवून दाखवते. मी तीन गोष्टी बघते. हे दुखणं नवीन आहे का? त्यासोबत घाम, मळमळ, धाप किंवा चक्कर आहे का? कूस बदलून, दाबून, चोळून त्यात काही फरक पडतो का? नवीन आहे, सोबत काहीतरी आहे आणि चोळून फरक नाही, म्हणजे ईसीजी. अशा केसेस रोज नसतात हो, आठवड्यातून एखादी. लाइन बंद पडत नाही.

आता ईसीजीचं. आमच्याकडे मशिन होतं, पण वापरलं जायचं ते पुरुषांसाठीच. ओएचसीच्या, म्हणजे कारखान्यातल्या दवाखान्याच्या, खोलीला पडदा नव्हता, दार काचेचं, समोर ड्रायव्हर लोकांचा बाकडा. ईसीजीला ब्लाउज काढावा लागतो. कोणती बाई तयार होईल? "नको सिस्टर, बरं वाटतंय आता" म्हणून उठून जायची. मी पडदा मागितला, बजेट नाही म्हणाले. शेवटी स्टोअरमधून पॅकिंगचं निळं कापड आणून दाराला लावलं, अंगावर घ्यायला एक ओढणी कायम टेबलावर ठेवली. त्यानंतर बायका पलंगावर आडव्या व्हायला लागल्या. सातपूरकरीण, भाषणाआधी तुमच्या ओएचसीचं दार बघून या.

आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटका नाही. त्रास चालू असेल तर परत काढायचा, दवाखान्यात रक्ताची ट्रोपोनिन तपासणी (हृदयाला इजा झाली का ते तिच्यात कळतं) होईपर्यंत माणूस सोडायचा नाही. नॉर्मल ईसीजीची पट्टी हातात घेऊन घरी गेलेली बाई मी पाहिली आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

सुपरवायझरने विचारायचा नाही असा एक प्रश्न: "खरंच काही होतंय, की ओव्हरटाइम टाळायचाय?" हा एकदा विचारला की त्या लाइनवरची कुठलीच बाई पुढे सहा महिने काही सांगत नाही.

बँकेतली

सिस्टर, पडद्याचा मुद्दा भारी.

आमचं काय? शाखेत आठ माणसं. ओएचसी नाही, सिस्टर नाही, प्रथमोपचार पेटीत मुदत संपलेला मलम आणि कापसाचा बोळा. कॅश काउंटरवर बसलं की उठता येत नाही, बाथरूमला जायचं नको म्हणून पाणीसुद्धा बेताने पिते. कुणाला काही झालं तर करायचं काय?

ओपीडीवाला

छोट्या ऑफिसने दोन गोष्टी आजच लिहून भिंतीवर लावाव्यात. पहिली, १०८. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, फुकट आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. दुसरी, तुमच्या शाखेपासून जवळचा कोणता दवाखाना चोवीस तास अँजिओप्लास्टी करतो त्याचं नाव आणि तातडीच्या विभागाचा फोन. सगळ्यात जवळचा दवाखाना आणि योग्य दवाखाना हे दोन वेगळे असू शकतात. मोठं नाव असलेल्या कित्येक ठिकाणी कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करायची खोली) नसते किंवा रात्री बंद असते. हे आधी चौकशी करून ठेवायचं असतं, बाई घामाघूम झाल्यावर गूगल करायचं नसतं. गाव लांब असेल तर निदान ईसीजी काढून गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देणारं जवळचं ठिकाण कोणतं ते लिहा.

गोळ्यांबद्दल लोक विचारतातच. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट कुणालाही उगाच देऊ नका, रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती आणखी उतरवते आणि माणूस कोसळतो. अ‍ॅस्पिरिनचा उपयोग होतो, साधारण ३०० मिलिग्रॅम, चावून. पण अ‍ॅलर्जी, पोटातला अल्सर किंवा कुठे रक्तस्राव असेल तर नाही, म्हणून १०८ च्या डॉक्टरला फोनवर विचारून द्या. बसवून ठेवा, चालवू नका, जिने उतरवू नका. आणि स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. आपल्याकडे सर्रास नेतात.

गोंयची

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे २०१८ पासून हार्ट अटॅकच्या पेशंटांसाठी सरकारी स्टेमी प्रकल्प आहे. गावच्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढतात, तो लगेच तज्ज्ञाकडे जातो, मोठा झटका असेल तर गुठळी विरघळवायचं महागडं इंजेक्शन तिथेच फुकट देतात आणि मग अँब्युलन्सने बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात. माझ्या नणंदेला काणकोणात असताना याचा उपयोग झाला. ती हॉटेलात हाउसकीपिंगला आहे. चादरी बदलता बदलता दम लागला, हात जड झाला, तिने मॅनेजरला सांगितलं ते "डावा हात मोडलाय की काय कळत नाही". मॅनेजर शहाणा, त्याने हाडांच्या डॉक्टरकडे न पाठवता सरळ आरोग्य केंद्रात नेलं. त्याच्या स्वतःच्या आईला असंच झालं होतं म्हणून त्याला माहीत. म्हणजे बघा, नशिबावर आहे सगळं, वरच्या माणसाच्या आईला झालेलं असलं पाहिजे.

न्यू_जर्सीची_काकू

इथे फेब्रुवारीचा पहिला शुक्रवार 'लाल कपड्यांचा दिवस' असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनची 'गो रेड फॉर विमेन' ही मोहीम २००४ पासूनची. ऑफिसात सगळे लाल घालून येतो, ग्रुप फोटो, लाल आयसिंगचे कपकेक (हो, हृदयासाठी कपकेक!). काही वर्षं मीही हौसेने केलं.

मग एक आकडा वाचला आणि गप्प झाले. "बायकांच्या मृत्यूचं पहिलं कारण काय?" याचं बरोबर उत्तर देणाऱ्या अमेरिकन बायका २००९ मध्ये ६५ टक्के होत्या, २०१९ मध्ये ४४ टक्के. मोहीम चालू असताना खाली आला आकडा! तरुण मुलींमध्ये आणि गोऱ्या नसलेल्या बायकांमध्ये जास्त घसरला. तेव्हा सातपूरकरीण, लाल साडी दिवस अजिबात ठेवू नका. फोटो कंपनीच्या पेजवर जाईल आणि विषय संपेल. आमच्या ऑफिसात खरं उपयोगी पडलं ते एकच, नर्स येऊन प्रत्येकीचं बीपी मोजून चिठ्ठीवर लिहून देते. माझं त्यातच सापडलं.

कोतवाल

लाल साडीवर एकमत.

सिस्टरचे तीन प्रश्न लिहून घेतलेत. मला नोकरीत असताना हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला फायर ड्रिल होतं, क्रेनचं ट्रेनिंग होतं, हे नव्हतं.

आशाताई_मावळ

मी आशा कार्यकर्ती आहे. दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहिते.

एक मिश्री. आमच्या भागातल्या कंपन्यांत जाणाऱ्या बायका सकाळी लावतात, चहाच्या सुट्टीत बाथरूममागे परत लावतात. भूक मरते, झोप उडते, हात चालतो म्हणून. कंपनीच्या मेडिकल फॉर्मवर विचारतात "धूम्रपान करता का?" नाही. "तंबाखू खाता का?" नाही. खरंच नाही खात. मिश्री लावता का विचारलं तर हसून हो म्हणतील, त्यांना ती दात घासायची वस्तू वाटते. तंबाखू भाजून केलेली पूड आहे ती, निकोटिन अंगात जातंच. डॉक्टरसाहेब, यानेही हृदयाला होतं ना?

दुसरं बाळंतपण. गरोदरपणात बीपी वाढलेल्या, फिट आलेल्या, साखर वाढलेल्या बायका माझ्या वहीत आहेत. बाळ झालं, बीपी उतरलं, वही बंद. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं की या बायकांचं नंतर वर्षानुवर्षं बीपी-शुगर बघत राहायला पाहिजे. पण बघायला सांगणार कोण? मूल पाच वर्षांचं झालं की ती कामाला लागते, आणि कंपनीच्या फॉर्मवर बाळंतपणाचा रकानाच नसतो.

ओपीडीवाला

आशाताई, दंडवत. दोन्ही शंभर टक्के बरोबर.

'इंटरहार्ट'मध्ये नुसती तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका न घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसला होता. धूर नाही म्हणजे हृदय वाचलं असं नसतं. गरोदरपणातलं बीपी आणि मधुमेह म्हणजे शरीराने ऐन तरुणपणी दिलेली आगाऊ नोटीस आहे, अशा बाईला पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. चाळिशीच्या आत पाळी गेलेल्या, संधिवात किंवा ल्यूपस असलेल्या बायकाही याच यादीत. आणि लहानपणीच्या सांधेतापाने झडप खराब झालेल्या बायका आपल्याकडे अजून भरपूर आहेत. लग्नानंतर, पहिल्या बाळंतपणात धाप लागली की मग कळतं.

सातपूरकरीण, कंपनीच्या वार्षिक तपासणीच्या फॉर्ममध्ये तीन ओळी घालून घ्या: मिश्री, बाळंतपणातलं बीपी-शुगर, पाळी कधी गेली. पाऊण तासाच्या भाषणापेक्षा जास्त काम होईल. फक्त तो फॉर्म एचआरच्या कपाटात नको, डॉक्टरकडे राहू दे. नाहीतर पुढच्या भरतीत "बाळंतपणात बीपी" वाल्या बायका गाळल्या जातील आणि कुणीच खरं लिहिणार नाही.

दाबा_जोरात

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून जीव वाचवायचा उपाय, शिकवायला जातो, हौशी स्वयंसेवक. कार्यक्रमात हे नक्की घ्या, आणि बायकांनाच नव्हे तर पुरुषांनाही बसवा.

कारण सांगतो. अमेरिकेत २०१७ मध्ये एक पाहणी मांडली गेली. सार्वजनिक जागी हृदय बंद पडलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आजूबाजूच्या कुणीतरी सीपीआर दिला, बायकांपैकी ३९ टक्क्यांना. परक्या बाईच्या छातीला हात कसा लावायचा, उद्या काय आरोप होईल, ही भीती तिकडेही आहे. आपल्याकडे किती असेल ते बघा. मी वर्गात सरळ विचारतो, "तुमच्या लाइनवरची ताई पडली, श्वास नाही, कोण पुढे येणार?" पुरुष एकमेकांकडे बघतात, मग कुणीतरी म्हणतं "लेडीजला बोलवू". रात्रपाळीला लेडीज नसली तर?

म्हणून स्पष्ट सांगतो. तळहात दोन्ही स्तनांच्या मधल्या हाडावर येतो, स्तनावर नाही. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल. साडी, अ‍ॅप्रन काही असू दे, दाबायला अडत नाही. विजेचा झटका देणारं एईडी यंत्र असेल तर मात्र छाती उघडी करावीच लागते, आणि पॅडच्या खाली मंगळसूत्र येता कामा नये, बाजूला सरकवायचं. तोडायची गरज नाही. हा प्रश्न मला प्रत्येक वर्गात बायका विचारतात.

सीपीआर फक्त प्रतिसाद नाही आणि नीट श्वास नाही अशालाच. छातीत दुखतंय म्हणून शुद्धीतल्या बाईची छाती दाबू नका. हसू नका, झालेलं आहे.

लेबरवाला

कायद्याचं थोडक्यात, कारण एचआरला त्याशिवाय ऐकू येत नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४५ मध्ये दर १५० कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी, ती सांभाळणारा प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेला माणूस कामाच्या वेळेत हजर, आणि ५०० हून जास्त कामगार असतील तर रुग्णवाहिका कक्ष, असं सगळं होतं. कलम ४४ मध्ये उभं राहून काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यायला सांगितली होती. ती मी तरी फारशी कुठे पाहिली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, त्यात ४० वर्षांवरच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी हे सरकारने स्वतः जाहीर केलेलं वैशिष्ट्य आहे. तुमच्या पॅकिंगमधल्या बाईंचं वय हेच. कार्यक्रमाच्या अर्जात ही ओळ घाला, बजेट सुटेल.

ठेकेदाराच्या बायकांबद्दल: पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतं, ठेकेदाराकडची असो की कंपनीची. ठेकेदाराने पैसे कापून भरले नाहीत तर मूळ मालक जबाबदार. किती जणींना आपला ईएसआय नंबर माहीत आहे, हे त्या दिवशी हात वर करायला सांगून विचारा.

सातपूरकरीण

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे प्रतिसाद छापून मीटिंगला घेऊन गेले. काय झालं ते सांगते.

भाषण दहाच मिनिटं ठेवतोय. आमचे कंपनी डॉक्टर बोलतील, त्यांना ओपीडीवाल्यांचा "दाटल्यासारखं, दाबल्यासारखं, जळजळल्यासारखं" हा भाग मार्कर लावून दिलाय. नंतर बीपी आणि शुगर, प्रत्येकीला चिठ्ठी. आशाताईंच्या तीन ओळी फॉर्मवर घालायला डॉक्टर लगेच तयार झाले. फॉर्म ओएचसीतच राहणार.

खरी झटापट झाली गेटपासवर. मी मांडलं की असा त्रास सांगणाऱ्या कुणालाही, बाई असो की बुवा, पाळीतून एकटं घरी सोडायचं नाही. त्या कारणासाठी गेटपास मिळणारच नाही, आधी ओएचसी, ईसीजी, आणि गरज वाटली तर कंपनीच्या गाडीने किंवा १०८ ने दवाखाना, सोबत एक माणूस. प्रॉडक्शनवाले म्हणाले, रिलीव्हर कुठून आणू? एचआर म्हणाले, दवाखान्यात काही निघालं नाही तर गाडीचा खर्च कोणाच्या नावावर टाकू? ठेकेदाराचा माणूस तर म्हणाला, "आमच्या बायकांना घरी सोडा, आम्ही बघतो." कसं बघतात ते मागच्या वर्षी दिसलं.

प्लांट हेड बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, सुपरवायझरला हे ठरवता कसं येणार? मी सिस्टरचे तीन प्रश्न वाचून दाखवले. म्हणाले, हे लॅमिनेट करून प्रत्येक लाइनवर लावा, आणि गेटवर सिक्युरिटीकडेही एक प्रत द्या. सिक्युरिटीचं मला सुचलंच नव्हतं. १०८ ची गाडी आली तर तिला वजनकाट्यापाशी नोंदीसाठी थांबवलं असतं आमच्याकडे.

मजकूर असा केलाय, बघा बरं:

"छाती, पाठ, जबडा, हात किंवा पोटाच्या वरच्या भागात नवीन त्रास. सोबत घाम, मळमळ, धाप किंवा चक्कर. चोळून-बसून फरक नाही. एकटं सोडू नका. चालवू नका. ओएचसी किंवा १०८. आधी फोन, मग सही."

हिरवी_बांगडी

"पोटाच्या वरच्या भागात"ऐवजी "छातीच्या खाली, पोटाच्या खळगीत" करा. आणि "त्रास" मोठ्या अक्षरात नको, घाबरतील.

ओएचसी_सिस्टर

मस्त झालंय. फक्त "चोळून-बसून फरक नाही" यावर अडून बसू नका. बसल्यावर बरं वाटलं आणि काम सुरू केल्यावर परत आलं, तर ते जास्त काळजीचं. तशी एक ओळ टाका: "थांबलं की बरं, काम केलं की परत: हेही सांगा."

पडद्याचं काय झालं?

सातपूरकरीण

पडदा मंजूर! खरा पडदा, रॉडसकट. ईसीजी मशिन कपाटात होतं, किल्ली डॉक्टरांकडे आणि डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येतात. किल्ली आता शिफ्ट इन्चार्जच्या टेबलावर, आणि दोघींना ईसीजी काढायला शिकवणार आहेत. ईसीजीचा फोटो डॉक्टरांना फोनवर जाईल.

पॅकिंगमधल्या बाईंकडे जाऊन आले. कार्यक्रमात बोलाल का विचारलं. आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या, "बोलते, पण मला परत कामावर घ्यायचं काय ते आधी विचारा." बसून करायचं टेस्टिंगचं काम आहे आमच्याकडे. विचारलंय. अजून उत्तर नाही.

बँकेतली

उत्तर आलं की इथे लिहा. त्यांना नुसतं भाषणापुरतं बोलावू नका प्लीज.

लेबरवाला

त्यांच्या ईएसआयच्या आजारपण लाभाची कागदपत्रं बघून घ्या, दीर्घ आजारांसाठी वेगळी तरतूद आहे. व्यनि करा, अर्ज लिहून देतो.

सातपूरकरीण

व्यनि केला. बाकी, दुसऱ्या पाळीसाठी वेगळं सत्र संध्याकाळी सातला ठेवलंय, नाहीतर दरवेळी त्या बायका राहून जातात. सुपरवायझर दोन्ही सत्रांना बसणार, त्यांच्या ट्रेनिंगच्या तासांत धरलंय. आता फक्त सीपीआरचा पुतळा मिळत नाहीये. नाशिकात कुणाकडे आहे का?

दाबा_जोरात

नाशिकरोडला ओळखीच्यांकडे दोन आहेत, फोन नंबर व्यनित देतो. त्यातला एक जुना आहे, दाबल्यावर कटकट आवाज येत नाही, तो पहिल्या सत्राला वापरू नका. आणि दोन-तीन सतरंज्या आणून ठेवा, कॅन्टीनच्या फरशीवर गुडघे फुटतात.